भिंतीपलीकडे पोचेल असा सा

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस आजीचे अ.उ.आ. वि.वि.

तुझ्या आजोबांना गाणं शिकवायचं आहे. हसून झालं की पुढे वाच.

गेल्या सोमवारी मी लाँड्रीत कामावर असताना हे न्हाणीघरात पडले. सकाळी पडले ते मी परत येईपर्यंत ओल्या फरशीवर तसेच. पलीकडे शिवणवाली दिवसभर घरात होती, मध्ये एक भिंत. पण झटका आल्यापासून ह्यांच्या तोंडून शब्द निघत नाही, हाक कशी मारणार? मी आले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच ढकललं.

तुझा मामा आला, उसासे टाकले आणि वृद्धाश्रमात ह्यांचं नाव घालून मोकळा झाला. तिथे पुरुषांचा विभाग वेगळा, बायकोने रविवारी भेटायचं. मार्चअखेर एक खाट रिकामी होणार आहे म्हणे. कोणाच्या मरणाने ते मी विचारलं नाही. काम सोडते म्हटलं, तर म्हणाला मग खाणार काय. शेवटी भांडून एवढं कबूल करून घेतलं की खाट रिकामी होईपर्यंत ह्यांना हाक मारता आली, तर हे घरीच राहतील.

दवाखान्यातली नर्स म्हणाली की बोलणं गेलेलं माणूस कधीकधी गाऊ शकतं. आता हे उभ्या जन्मात गायले नाहीत, ही गोष्ट वेगळी. तू नवशिक्यांच्या शिकवण्या घेतेस म्हणून विचारते. सुरुवात कुठून करतात? शिकवणारा कसा निवडायचा? फोन करू नकोस. हे समोर बसून सगळं ऐकतात आणि मला खोटं बोलावं लागतं.

लोभ आहे तेवढाच ठेव, जास्तीचा ठेवायला घरात जागा नाही.

तुझी आजी

ता. ९ फेब्रुवारी

ती. आजीस सा.न.वि.वि.

हसले नाही. पत्र शाळेच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच बसले.

नावाजलेला गवई शोधू नकोस. लहान मुलांना शिकवणारं कोणी बघ, ज्याला तेच तेच शंभरदा ऐकायचा कंटाळा येत नाही. पहिल्याच दिवशी गाणं बसवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव. तास छोटा, पण रोज आणि ठरल्या वेळेला. आजोबांना टेकू न देता बसव, पाय जमिनीला लागलेले हवेत. आधी एकच स्वर, सा. श्वास भरून घ्यायचा आणि तो सुटेपर्यंत सा धरून ठेवायचा. आमची निम्मी मुलं ह्या सा लाच कंटाळून पळतात, म्हणून आधीच सांगते.

आणि तू चुका काढू नकोस. हे तुला जमणार नाही हे ठाऊक असून लिहिते आहे.

गुण येईलच असं मी सांगू शकत नाही. खोटं बोलणारं घरात एक माणूस पुरे. परीक्षा संपेपर्यंत मला रजा नाही. मामाशी बोलले, तर त्याने मला व्यवहार शिकवला.

रागावण्यातही तुझा लोभ असतो, तो असू दे.

तुझी भिंगरी

ता. १२ मार्च

चि. भिंगरी हिस आशीर्वाद. वि.वि.

औषधांच्या दुकानावरच्या खोलीत मुलांना शिकवणाऱ्या गाण्याच्या बाई मिळाल्या. चेहरा सदा दाढ दुखत असल्यासारखा, पण पेटी उचलून घरी येतात. आल्या की सा. दुसऱ्या दिवशी सा. आठवडा झाला तरी सा. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे वेळ नाही, कामाचे शब्द शिकवा. तर म्हणाल्या, नवशिका तो नवशिका, मग तो सात वर्षांचा असो की सत्तरचा.

मग मी माझी अक्कल चालवली. बाई गेल्या की दार लावून मीच शिकवायची. धावा धावा, मी पडलो, अशी चाल लावली. आणि भिंगरे, हे म्हणाले! वाकड्या तोंडाने, पण म्हणाले. मी नाचायचीच बाकी होते. तुझ्या मामालाही कळवून टाकलं.

बाईंना दाखवायला गेले, तर त्यांनी मला स्वयंपाकघरात पाठवलं आणि सांगितलं, तोंड उघडायचं नाही. एक अक्षर नाही निघालं. हे नुसते दाराकडे बघत बसले. मी धा म्हटलं तर ह्यांचा वा येतो. पडतील तेव्हा धा म्हणायला मी कुठे असणार? असले, तर हाकच कशाला लागेल?

त्या दिवसापासून सा सुद्धा बंद. काल डाव्या हाताने पेटी ढकलून दिली, एक पट्टी निखळली. बाई पेटी घेऊन गेल्या. हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. मामा मागल्या खेपेला ह्यांच्या कपड्यांवर नाव घालायला सांगून गेलाय, तिथे धुवायला एकत्र जातात म्हणून. दुसऱ्यांच्या चादरी धुण्यात माझा जन्म गेला, आणि ह्यांचा सदरा परक्यांच्या ढिगात.

मला काही सुचत नाही. भांडता येतं, पण कोणाशी भांडू? काहीतरी लिही. लोभाचं राहू दे, अक्कल पाठव.

आजी

ता. १६ मार्च

ती. आजीस सा.न.वि.वि.

रागाव, पण ऐक. आजोबा कपाकडे बघतात तोवर तू चहा ओततेस. ते खाकरले की डॉक्टरांना काय होतंय ते तू सांगतेस. झटक्याच्या आधीही तुमचं असंच चालायचं आणि दोघांचं छान चालायचं. पण आता त्यांचा श्वास सुरू व्हायच्या आत तुझा सुरू होतो.

बाईंच्या घरी जा, पेटी दुरुस्त करून दे, हात जोड. शब्द सोडून दे. हाकेला अर्थ लागत नाही, ती भिंतीपलीकडे गेली की झालं. आणि शिकवणीच्या वेळी घरात थांबू नकोस. शिवणवालीकडे जाऊन बस, गप्प.

मी मामाच्या पाया पडले. फोनवर जितकं पडता येतं तितकं. तो म्हणाला, तारीख तीच.

जवळ नाही म्हणून जीव तुटतो. तेवढ्यापुरती तरी माझ्यावर माया असू दे.

भिंगरी

ता. ३० मार्च

चि. भिंगरी हिस अ.उ.आ. वि.वि.

बाईंपुढे हात जोडले. माझ्या हातांना सवय नाही, त्यामुळे त्याच घाबरल्या. पुन्हा यायला लागल्या. मी रोज शिवणवालीकडे बटणं निवडत बसायची. भिंतीतून पेटी ऐकू यायची, ह्यांचा आवाज नाही. जाऊन सांगावं वाटायचं की अहो, तोंड तरी उघडा. शिवणवाली माझ्या मांडीवर आणखी बटणं ओतायची.

परवा मामा आला तो गाडी घेऊनच. एकदाच बघायचं, म्हणाला. ह्यांना न्हाणीघरात स्टुलावर बसवलं, दार लोटलं आणि आम्ही शिवणवालीकडे. मशीन चालू ठेवायला लावलं, कारण रोजच्या दिवशी ती चालूच असते. तिथे त्याचं बरोबर होतं.

मशीन चालत राहिली. भिंत मुकी. मी मूठ तोंडात कोंबली होती. मामा उठला, म्हणाला, आई, पुरे झालं, त्यांना थंडी वाजेल. मला त्या भिंतीवर डोकं आपटून धा म्हणायचं होतं गं. ओठ उघडलेही, पण शिवणवालीने असं बघितलं की मिटले.

आणि तेव्हा आला, ह्यांचा आवाज. त्याला सा म्हटलं तर बाई पेटी विकतील. तेल नसलेलं फाटक उघडावं तसा. पण लांब, लांब, थांबेचना.

मामा मला समजावू लागला की आई, ह्याला बोलणं म्हणत नाहीत, ह्यातून कोणाला काय कळणार? तो हे कोणाला सांगत होता कोण जाणे. मशीन केव्हाच थांबली होती. शिवणवाली अर्धी बाही हातात घेऊन दाराबाहेर पडली होती, आणि मी तिच्या मागे.

मामा रिकामी गाडी घेऊन गेला. जाताना तोंड फिरवलं, तेव्हा डोळे पुसले असतील, मी बघितलं नाही.

शब्द एकही नाही. डॉक्टर म्हणतात, आता बहुतेक येणार नाहीत. आज मी स्वयंपाकघरात होते आणि ह्यांनी खोलीतून हाक मारली, पंख्यासाठी की पाण्यासाठी कोण जाणे. बाई म्हणतात, श्वास अजून आखूड आहे, लांबवू द्या. म्हणून उठले नाही. हात मांडीखाली दाबून बसून राहिले. ओल्या चादरी पिळण्यापेक्षा जड काम आहे हे.

परीक्षा संपली की ये. लोभ कर, पण मोठ्याने कर, इथे आता ऐकायची सवय लागते आहे.

तुझी आजी