तुळजाबाईंनी दिलेला मान

अहमदपूर,
रविवार, दि. २० ऑक्टोबर २०२४

चि. अंबिका हिस,

रामकिशनमामांचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या मामींचा गुडघा दसऱ्यापासून जरा हलका आहे. सोयाबीनची रास झाली, उतारा बरा पडला. तुझी शाळा नीट चालली असेल. तुझ्या बाबांना, आप्पासाहेबांना, नमस्कार सांग.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर मला दोन वाक्यांच्या पुढे बोलता येत नाही, हे तू सून म्हणून या घरात आलीस तेव्हापासून पाहते आहेस. तू "मामा, जेवलात का" विचारणार, मी "हाव" म्हणणार आणि फोन तुझ्या मामींच्या, रुक्मिणबाईंच्या हातात देणार. आज तेवढ्यावर भागणार नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लातूरहून तुझ्या बाबांचा मला फोन आला होता. आपल्या शिवमचा मित्र धम्मदीप याच्याशी लग्न करावं असं तुझ्या मनात आहे, पण आमचा होकार आल्याशिवाय तू पुढे पाऊल टाकणार नाहीस, असं ते म्हणाले. मी "कळवतो" म्हणालो आणि कळवलं नाही. त्यावर येतोच. आधी प्रवासाचं सांगतो, कारण मी सायकलवर सहस्रकुंडाला जाऊन आलो.

हसू नकोस. मोंढ्यातल्या अडत दुकानाच्या नोकरीत मी जन्मभर सायकलनेच गेलो-आलो. फक्त ती गिअरची नव्हती.

दसरा झाल्यावर शिवमची सायकलवाली मित्रमंडळी निघणार होती. दरवर्षी निघतात तशीच. मेडिकलवाला हरिओम घरी आला आणि चहा घेताना म्हणाला, "काका, शिवमची सायकल पडवीत टांगून टांगून गंजून जाईल. तुम्हीच चला की घेऊन." मी नाही म्हणणार, तेवढ्यात रुक्मिणबाई आतून म्हणाल्या, "जातील ते." मला वाटलं, घरात गप्प बसलेल्या माणसाला त्या कंटाळल्या असतील. तसं नव्हतं. धम्मदीप बरोबर असणार हे त्यांना माहीत होतं.

मलाही माहीत होतं. मी त्याच्यासाठीच गेलो.

आम्ही चौघे होतो. हरिओम, उदगीरकडचे गुरुबसप्पा गुरुजी, धम्मदीप आणि मी. माळाकोळीच्या चढावर माझा दम निघाला. मी उतरून सायकल ढकलू लागलो, तर मागे धम्मदीपही उतरून ढकलत होता. मी म्हणालो, "तुम्ही जा पुढे." तो म्हणाला, "मी शेपूट आहे, काका." त्यांच्यात सर्वांत मागे राहणाऱ्याला शेपूट म्हणतात. सर्वांत हळू चालवणाऱ्याच्या मागे राहायचं, त्याला ओलांडायचं नाही, एवढंच त्याचं काम. आधी हे काम शिवमकडे होतं. मला ते माहीत नव्हतं. आपला मुलगा मित्रांत सर्वांच्या मागे राहायचा, हे मला लोह्याच्या अलीकडे कळलं.

मला वाटत होतं, हा आता विषय काढेल. आम्ही दोघेच मागे होतो, रस्ता मोकळा होता. तो काही बोलला नाही. नांदेडला मुक्काम झाला, तिथेही नाही. दुसऱ्या दिवशी अर्धापूरला केळीच्या बागांच्या सावलीत बसलो तेव्हा त्याने केळी सोलून माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः चार हात लांब जाऊन बसला. मी मनात म्हणालो, माणूस मनात अढी धरणारा दिसतो. त्याला वाटत होतं, काकांच्या तोंडून निघाल्याशिवाय आपण बोलणं बरं नाही. हे मला नंतर समजलं. मोठ्याने आधी बोलावं की लहानाने, यात आमचा निम्मा प्रवास गेला.

मी त्याच्यात खोट शोधत होतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. सापडली तीही सांगतो. पंक्चर काढता येत नाही. तामश्याच्या पुढे त्याचं चाक बसलं आणि तो ट्यूब हातात घेऊन उभाच. गुरुबसप्पा म्हणाले, "लातुरात पोरांना फिजिक्स शिकवतो म्हणं. हवा कुठनं जाते ते समजंना." हरिओम म्हणाला, "शिवम असता तर यानं ट्यूब त्याच्याकडं फेकून आतापर्यंत झोप काढली असती." धम्मदीप म्हणाला, "शिवमला तरी कुठं येत होतं? त्यानं लावलेलं ठिगळ पुढच्या गावाला निघायचं." यावर तिघेही हसले.

अंबिका, मेलेल्या माणसाची कुणी टिंगल करतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. शिवमला जाऊन भाद्रपदात दोन वर्षं झाली. आपल्या घरात त्याचं नाव निघतं तेव्हा आवाज खाली येतो. तुझ्या मामी पदर डोळ्याला लावतात, मी उठून अंगणात जातो. इथे रस्त्यावर दर थोड्या वेळाने त्याचं नाव निघत होतं. उतारावर भिऊन ब्रेक दाबणारा शिवम, दुसऱ्याच्या डब्यातला ठेचा संपवणारा शिवम. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी सायकल जरा जोरात चालवू लागलो, म्हणजे पुढच्यांचं बोलणं ऐकू यावं.

हिमायतनगरच्या पुढे मुलूख बदलतो. सागाची झाडं दोन्ही बाजूंनी येतात, बांधांवर तरवड पिवळा फुललेला होता आणि कापूस नुकता फुटत होता. काही ठिकाणी लोकांनी अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. आम्ही कडेने पाय टेकत जायचो. सहस्रकुंडाला पाणी चांगलं होतं. काळ्या दगडावरून पैनगंगा फुटून पडते, अंगावर तुषार येतात, बोललेलं ऐकू येत नाही. मला ते बरं वाटलं. तिथे कुणाला काही बोलायची गरज नव्हती.

मुक्काम जवळच्या गावी हरिओमच्या आत्याकडे होता. तुळजाबाई नाव. शेतकरी घर, बाई मोठ्या बोलक्या. येसर मसाल्याची आमटी आणि भाकरी पोटभर वाढली. सकाळी निघताना त्यांनी पाट मांडला, कुंकवाचा करंडा घेतला, टॉवेल-टोपी आणली. मला वाटलं, वयाने मोठा म्हणून मला बसवतील. त्यांनी धम्मदीपला हाताला धरून पाटावर बसवलं. वर शर्टाचं नवं कापड दिलं. स्वतःच्या जावयासाठी दिवाळीला म्हणून आणून ठेवलं होतं, असं म्हणाल्या.

"आत्या, हे काय?" हरिओमने विचारलं.

"काय म्हंजी? पहिल्यांदा घरी आलेला जावई हाय. मोकळ्या हातानं कसा धाडू?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् काय हो पाहुणे, जावयाला घेऊन हिंडून राहिले आन् लेकीला घरी ठिवलं?"

गुरुबसप्पा उगीच बुटाची नाडी बांधू लागले. धम्मदीप टोपी हातात धरून उठायला लागला. मीच विचारलं, "जावई म्हणून कसं ओळखलं तुम्ही?"

"वळखायला काय लागतं? रात्रीपासून बघून राहिले मी. ह्यो बाकीच्यांशी बोलतो, तुमच्याशी न्हाई. तुम्ही बसल्याबिगर बसत न्हाई. तुमचा तांब्या भरून ठिवतो आन् तोंड तिकडं करतो. तुम्ही बी त्याच्याकडं चोरून बघता. पोरगा असता तर भांडला असता. असं सासरा-जावईच वागतात."

हरिओम सांगायला पुढे झाला, "आत्या, तसं नाही, हा आमचा..." मी हात वर करून त्याला थांबवलं. आधी ठरवून केलं नाही. हात वर गेला.

मी म्हणालो, "बसा, जावईबापू. मान नाकारू नये."

तो बसला. तुळजाबाईंनी कुंकू लावलं. त्यांना माझं उत्तर हवंच होतं, म्हणून मी सांगितलं, "लेक शाळेत शिकवते. सुट्टी नव्हती. पुढच्या वेळी येईल."

गुरुबसप्पा म्हणाले, "टोपी जरा लहानच झाली की ओ. फिजिक्सचं डोकं हाय."

तिथून किनवटपर्यंत सागाचं रान आहे. हरिओम आणि गुरुजी मुद्दाम पुढे निघून गेले. थोड्या वेळाने मागून धम्मदीप म्हणाला, "काका, तुम्ही आत्यांना दुरुस्त केलं नाही."

"नाही केलं."

"का?"

"त्या चुकल्या असत्या तर केलं असतं."

मागची सायकल थांबल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. तो चष्मा पुसत उभा होता, डोक्यावर हेल्मेटऐवजी ती पांढरी टोपी. मीही थांबलो. त्याने विचारलं, "अंबिकाला तुम्ही सांगाल की मी?" मी म्हणालो, "मी सांगतो. विचारलं मला होतं." नंतर किनवट येईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी चालवली आणि त्याने शेपटाचा नियम मोडला. आम्ही शिवमबद्दलच बोललो, आणि थोडं तुझ्याबद्दल. तू भाजीत मीठ कमी घालतेस हे त्याला अजून ठाऊक नाही. मी सांगितलं नाही.

किनवटहून सायकली टेम्पोत टाकून परत आलो. घरी रुक्मिणबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "एवढ्यासाठी सहस्रकुंडापर्यंत जायला लागलं का? मी पोळ्यालाच हाव म्हटलं असतं. तुम्ही विचारलंच न्हाई." मग उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रडल्या असतील. पण बाहेर आल्या तेव्हा तुला साडी कोणत्या रंगाची घ्यावी यावर बोलू लागल्या.

भावकीचं म्हणशील, तर बोलणारे बोलतील. चुलतभाऊ हनुमंत आलाच होता. "आपल्यात पोरं संपली का?" म्हणाला. मी त्याला एवढंच विचारलं, "या दोन वर्षांत आपल्यातलं कोण लातूरला जाऊन पोरगी कशी आहे ते बघून आलं?" तो चहा न घेता गेला. येईल परत.

आता मी इतके दिवस का थांबलो ते. जात मनात आली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आली. पण ती फार दिवस टिकली नाही. खरी भीती वेगळी होती. तू दुसऱ्या घरी गेलीस की शिवमला ओळखणारं माणूस आमच्याकडून गेलं, त्याचं नाव घ्यायला आम्ही दोघेच उरलो, असं मला वाटत होतं. या प्रवासात ते गेलं. तुझ्या त्या घरात त्याचं नाव आमच्यापेक्षा जास्त निघेल, आणि हसत निघेल. परवापासून मला रात्री नीट झोप लागते आहे.

तर अंबिका, आमच्या दोघांचा होकार आहे. मनापासून आहे. भाऊबीज झाली की आम्ही लातूरला येतो. लग्न कोणत्या पद्धतीने लावायचं ते तुम्ही दोघांनी ठरवावं, आमची काही अट नाही. आप्पासाहेबांना फक्त एक गोष्ट विचार. मांडवात त्यांच्या शेजारी मला उभं राहू देतील का? पाहुण्यांचं स्वागत, पाणी, पंगत, जे काम देतील ते करीन.

तुझा मामा,
मुलीकडचा,
रामकिशन