ढब्बूची ओली मान

बाबा,

मी शाळेत निघाले. आपल्या बोक्याची साखर पुन्हा वाढली, आणि तुम्ही शेजारच्या काकूंच्या दुधावर खापर फोडून मोकळे झालात. मला मात्र तुमचाच संशय येतोय. आत्ता ढब्बूला उचललं, तर मानेवरचे केस ओले आणि औषधाचा वास. डोळे मिटून टोचता ना? इन्सुलिन अंगात न जाता केसांतच मुरतंय. आता पुन्हा टोचू नका, डॉक्टरांनी बजावलंय. किती आत गेलं, कोण जाणे. पाणी भरून ठेवा. मलूल दिसला तर थेट दवाखाना गाठा.

संध्याकाळपासून सुई माझ्याकडे, तुम्ही फक्त त्याला धरा. आईला सांगत नाही. तिला वाटतं, घरात इंजेक्शनला घाबरणारा ढब्बू एकटाच आहे.