'येते' म्हणजे जाते

पुणे ३०
मंगळवार, दुपारी दोन
(झोपेच्या वेळेत लिहितो आहे, यावरून प्रकरणाचं गांभीर्य ओळख.)

ती. सौ. सुहासिनीताईस,

धाकट्या श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे कागदावरच घालतो आहे, पण मनापासून). तुझी साखर, भाऊजींचा खोकला आणि सांगलीचा उकाडा, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आनंदी बरी आहे. मी बरा आहे असं आनंदी म्हणते. खरं तर फोनच केला असता, पण मी फोनवर बोललेलं आनंदी ऐकते, आनंदी ऐकते ते ओवीला कळतं, आणि आपल्या त्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तर नुसतं शिंकलं तरी सतरा जण 'काळजी घ्या' म्हणतात. पत्राचं तसं नाही. उशिरा पोचतं, पण ज्याला लिहिलंय त्यालाच पोचतं.

तुझ्या भाचीचे प्रताप तुझ्या कानावर असतीलच. हिंजवडीची चांगली नोकरी सोडून ओवी 'सिंगर-साँगरायटर' झाली आहे. हा एकच माणूस असतो, दोन नव्हेत. मी चौकशी केली. आपल्या वेळी गाणं एक जण लिही, दुसरा चाल लावी, तिसरा गाई, म्हणजे पडलंच तर दोष तिघांत वाटून घेता येई. आता सगळं एकटीच्या डोक्यावर. गिटारही तीच वाजवते (गिटार तिची नाही, मैत्रिणीची, ऋतुजाची. तिच्याकडेच वडगावला ओवी गेले तीन महिने राहते आहे. का, तर मी जेवताना सहज म्हणालो, की या घरात एक तर तुझा रियाज राहील नाहीतर मी. सहज म्हणालो, ताई. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला वाक्य अर्धं सोडवत नाही, एवढंच). तुझ्या कार्यक्रमाला मी पाऊल ठेवणार नाही, हेही त्याच जेवणात सांगून झालं. आनंदीनं त्या दिवशी मला ताक वाढलं नाही.

तर तिथे राहून तिनं 'येते' नावाचं गाणं केलं आणि ते इंटरनेटवर टाकलं. गाण्यातली मुलगी दारात उभी राहून 'किल्ली फळीवर ठेवली आहे, येते मी' म्हणते, आणि गाणं संपलं तरी परत येत नाही. आता निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे तुला मी सांगायला नको. लहानपणी याच शब्दावरून तू मला दोनदा उंबऱ्यातून परत बोलावलं आहेस. त्यामुळे मी आपला पंधरा दिवस याच तपासात होतो, की ही किल्ली ठेवली कुणाच्या फळीवर. ज्या मुलाला सोडून ती निघाली, त्याचं निदान आडनाव तरी कळावं. पण मंगल कार्यालयांच्या डेकोरेशनवाल्यांना असले प्रश्न पडत नाहीत. त्यांनी 'येते' एवढंच ऐकलं, आणि हडपसरपासून उरुळीपर्यंत नवऱ्या या गाण्यावर मांडवात यायला लागल्या. खालून धूर, वरून पाकळ्या आणि कर्ण्यातून ताटातूट.

गेल्या रविवारी लोणी काळभोरला पृथ्वीराजचं लग्न होतं. हा माझा जुना विद्यार्थी (मराठीत काठावर पास, काठ मीच थोडा सरकवला होता). आम्ही उभयता गेलो. मला फेटा बांधून पहिल्या रांगेत, नवऱ्याच्या वडिलांच्या, संभाजीरावांच्या शेजारी बसवलं. बघतो तर स्टेजवर गिटार घेऊन ओवी! नवरीच्या आगमनाला गाणं प्रत्यक्षच हवं, म्हणून पृथ्वीराजनं तिला बोलावलं होतं. तीन महिन्यांनी दिसली. वाळली आहे जरा. मी फेट्यात तोंड लपवायचा प्रयत्न केला, पण फेटा वरच्या बाजूला असतो.

इथे शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण शब्दाचा अर्थ चुकतो आहे आणि मी बसून बघतो आहे, हे मला जमत नाही. मी संभाजीरावांच्या कानाशी लागून सांगितलं, की या गाण्यात 'येते' म्हणजे जाते, शुभकार्यात हे बरं नव्हे. ते म्हणाले, "अवो सर, नवरी येतीया. मग गाणं बी येतेचंच लागंल की." मी थांबलो असतो तर आज पोस्टकार्डावर भागलं असतं. मी उदाहरणं देऊन समजावलं, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो हे तुला माहीत आहे. दुसऱ्या रांगेनं ऐकलं 'नवरी जाते', पाचवीनं ऐकलं 'नवरी गेली', आणि बातमी भटारखान्यात पोचली तेव्हा आचाऱ्यानं जिलबी तळायची थांबवली होती. नवरीचा मामा गाड्यांच्या डिक्क्या उघडून बघत होता. नवरी, निशा, बिचारी आत अंबाड्यात आकडे खोचून घेत होती. गलका ऐकून तीच बाहेर आली आणि तिनंच विचारलं, कोण गेलं?

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला, ताई. ओवीसुद्धा. माझी अब्रू गेली त्याचं काही नाही, ती निवृत्तीनंतर तशीही पडूनच असते, पण पोरीचं गाणं पुन्हा मीच बंद पाडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाचवलं ते संभाजीरावांच्या थोरल्या बहिणीनं, मुक्ताबाईंनी. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "लेक बापाच्या दारातनं निघती तवा काय म्हणती? येतेच म्हणती न्हवं? बापाचं गाणं हाय ह्ये. येवढं शिकल्यालं मास्तर, आन् कळंना व्हय?" थोरल्या बहिणीपुढे कोण बोलणार! संभाजीराव खाली बसले, निशाचे वडील रडायला लागले, आणि ओवीनं गाणं सुरू केलं.

तेव्हा कळलं मला, की फळी कुणाची. आपल्याच घरची, चपलांच्या वरची. तीन महिन्यांपूर्वी ओवीनं तिथे किल्ली ठेवली, 'येते' म्हणाली, आणि मी पेपरातून मान वर न करता 'ये' म्हणालो. पंधरा दिवस ज्या नालायकाचं आडनाव शोधत होतो ते माझ्याच दारावरच्या पाटीवर होतं. मी रडलो, ताई. फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले, तर त्याचा रंग गेला आणि दोन्ही गाल गुलाबी झाले. लग्नाच्या फोटोत नवरीपेक्षा मीच नटलेला दिसतो. गाण्यानंतर ओवी जवळ आली आणि 'बाबा, जेवलात?' एवढंच म्हणाली. मी 'हो' म्हणालो. जेवलो नव्हतो. दुसरं काहीतरी बोलायचं होतं, ते स्वारगेटला बसमधून उतरल्यावर सुचलं.

असो. या गाण्याच्या धंद्यात काही राम नाही, हे माझं मत कायम आहे. भाऊजींना नमस्कार, खोकल्यावर ज्येष्ठमध.

तुझा
श्यामसुंदर

ता. क. पुढच्या महिन्याच्या सोळाला कोथरूडला ओवीचा पहिला तिकिटाचा कार्यक्रम आहे. तिकिटं संपली आहेत (मी तीनदाच पाहिलं, सहज). तू तिला फोन करून सांग, की आत्या येणार आहे, एक पास ठेव. तुला ती नाही म्हणणार नाही. आणि कृपा करून तू येऊ नकोस, पास एकच आहे.

ता. क. २. आनंदीला यातलं काही कळू देऊ नकोस. तिनं पहिल्याच दिवशी तिकीट काढलं होतं, एकटीचं. मला काल कळलं.

ता. क. ३. पास शेवटच्या रांगेतला माग. पुढे बसलो तर मला बघून ती चुकेल, आणि नाही चुकली तर माझं काही खरं नाही. मागे अंधार असतो.