बाटलीवरचं नाव

३ नोव्हेंबर

प्रिय बबडे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण निवृत्त माणसाचं ऐकतं कोण! गच्चीवरची टाकी पुन्हा गळतेय. प्लंबर 'उद्या येतो' म्हणून गेला, त्याला आठवडा झाला.

तुझ्या आईची बरगडी नुसत्या खोकल्याने मोडली, हे वाचून पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हाडं मऊ पडलीत म्हणतेस. डॉक्टर आता कर्करोग शोधतायत, तपासायला हाडाचा तुकडा काढणार आहेत. ती कामाला होती त्या बॅटरीच्या कारखान्यातल्या धातूने हाडं पोखरली, असा संशय त्यांना आधी आला होता, पण तिचे लघवीचे जुने रिपोर्ट स्वच्छ दिसले, म्हणून त्यांनी तो नाद सोडला. तू विचारतेस, "मामा, तू तिथे सुपरवायझर होतास, तुला काय वाटतं?"

आमच्याकडे कॅडमियमची पूड साच्यात भरायचं काम बायकांकडे होतं. पंखा लावायचा नाही, पूड उडून वाया जाते. भर उन्हाळ्यातही तो मीच बंद करायचो. बाकीच्या कुरकुरायच्या, तर तुझी आई त्यांनाच दटावायची, "गप्प बसा गं, माझ्या दादाला बोलणी खायला लावाल."

दर वर्षी सगळ्यांची लघवी तपासायचे. त्यात कॅडमियम, म्हणजे तोच विषारी धातू, जास्त निघाला की त्या बाईला कामावरून काढून घरी बसवायचे. एका वर्षी तुझ्या आईचा आकडा मर्यादेला टेकला. नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढच्या खेपेला तुमच्या बहिणीचं काही खरं नाही." तुझे बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

इथवर लिहून तीनदा कागद फाडला. हा चौथा.

पुढची तीन वर्षं तिच्या नावाच्या बाटलीत माझी लघवी गेली. मी ऑफिसात बसणारा, माझ्यात काय निघणार? बाटल्या गोळा करून पाठवायचं काम माझ्याकडेच होतं. तिला सांगितलं नाही. रिपोर्ट आला की ती खूश व्हायची. "बघ दादा, मला काही होत नाही," म्हणायची आणि जादा पाळीला नाव द्यायची. मला वाटायचं, मी तिचं भलं करतोय. तुझ्या शिक्षणासाठी केलं, असं म्हणून हे तुझ्या गळ्यात मारणार नाही. मी केलं आणि मूर्खासारखं केलं.

हे पत्र आजच डॉक्टरांना दाखव. ते तीन वर्षांचे रिपोर्ट तिचे नाहीत, माझे आहेत. आधी नव्याने धातू तपासा, मगच तिच्या हाडाला हात लावा, असं त्यांना सांग. कोणाला माझी साक्ष हवी असेल तर कुठेही येतो.

तिला मात्र तू सांगू नकोस. रविवारी येतोय, मीच सांगेन. काल फोनवर ती उलट मलाच धीर देत होती, "दादा, माझी काळजी नको, तू वेळेवर जेवत जा." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. ऐकून तिने तोंड फिरवलं तर गुमान परत जाईन.

उत्तरात मला मामा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

तुझ्या आईचा दादा