काळ्या परत कवा भुंकला?

पुणे, १४ जानेवारी २००४

तीर्थरूप आबा, पायांवर डोकं ठिवून पारूचा नमस्कार.

आईच्या पायाची जखम सुकत आलीया. नाकाला हवेची नळी हाय, पर बोलती. घोर करू नका.

मला एक उमगंना. पयल्या हप्त्यात डॉक्टर म्हणलं, जखमेचं विष रक्तात गेलं, म्हणून अंगातलं राखणदार एकमेकांना इशारं देत सुटल्यात आन् आईच्याच अंगाला चावत्यात. आता म्हणत्यात, तेच राखणदार गार पडल्यात, म्हणून फुफ्फुसात व्हायरस शिरला. मंग राखणदार जास्त झालं का कमी?

मी इचारलं, "आमचा राखणीचा कुत्रा काळ्या लांडग्यावर भुंकून भुंकून आमच्याच मेंढरांना चावला, आन् मागनं असा पडला की कोल्हा आला तरी कान हालवला न्हाई. तसं का?"

"व्हय, तसंच," डॉक्टर म्हणलं.

कांदा काढला का? शेरडी व्याली का? आई सारखं इचारती.

आबा, काळ्या परत भुंकायला किती दिस लागलं व्हतं? आईचं राखणदार कवा उठत्याल, ते मी डॉक्टरला इचारलं. ते म्हणलं, "नेमकं दिस सांगता येत न्हाईत." मंग म्हणलं, "काळ्याचं काय झालं, ते आबांना इचारा."

वाट बघती.
तुमची पारू