हसवील त्याने जेवू घालावं

१५ एप्रिल

घेतली! फीनिक्सच्या बायकांच्या बास्केटबॉल संघाने आपली पोरगी घेतली!

रेडिओवाला आपल्या नवाहो भाषेत असा किंचाळला की बोकड दचकून कुंपणावर आदळला. मायला मेनीगोट्स तिचं नाव. आडनावाचा अर्थ ‘पुष्कळ शेळ्या’. वाढली ओहायोत – शेळी बहुतेक चित्रातच पाहिली असेल. पण बाप इकडचा, आमच्या डिने म्हणजे नवाहो लोकांतला. वेल्डिंगच्या कामाला पूर्वेकडे गेला, तिकडचीच बायको केली. ही रांगत होती तेव्हा तो गेला. गेलेल्या माणसाविषयी फार बोलू नये. पुरे.

मी बोलते, व्हर्लिंडा लिहिते. माझी नात, दवाखान्यात नर्स आहे. मला अक्षर येत नाही, तिला धीर नाही. “आजी, सावकाश!” म्हणते. मी काय भाषण देतेय?

माझा धाकटा भाऊ होस्की जाणकारासारखा म्हणाला, “ताई, नाचू नकोस. खेळाडू निवडायच्या तिसऱ्या, शेवटच्या फेरीत घेतलीय. म्हणजे पंगत उठल्यावर भांड्यात उरलेलं. मे महिन्यात सराव बघतात आणि अशा पोरींना घरी धाडतात.”

आणि हाच माणूस दुपारी ट्रकच्या दारावर तिचं नाव रंगवत होता! पिवळ्या रंगात, हाताएवढी अक्षरं. त्याला म्हटलं, बाळ जन्माला यायच्या आधी पाळणा बांधू नये, एवढंही आईने तुला शिकवलं नाही? म्हणाला, “हा पाळणा नाही, ट्रक आहे.”

१७ एप्रिल

रेडिओवर लोकांचे फोन. सकाळपासून दुसरं काही नाही.

गनाडोची मेरी लू म्हणे, “आपल्या पोरी बुटक्या नि चपळ. ही तर विजेचा खांब! आपली कशी असेल?”

कुणी पुरुष म्हणाला, “खांब आहे म्हणून तर घेतली, बाई. तुला घेतली असती का?”

एक म्हणाला, ती माझ्या मेव्हण्याच्या चुलतभावाची पुतणी लागते. काल याला मेव्हणा तरी होता का!

१८ एप्रिल

वारा. रेडिओ नुसता खरखरतो. मेंढ्यांना दोन शिव्या जास्त दिल्या.

२० एप्रिल

आज ती स्वतः रेडिओवर होती. आवाज बारीक. एवढ्या उंचीतून येतो कसा कोण जाणे.

रेडिओवाल्याने रीतीप्रमाणे पहिलाच प्रश्न टाकला – कुळं कोणती? त्याची चूक नाही. आमच्यात कूळ आईकडून येतं. आधी आईचं कूळ सांगायचं, मग बापाचं, मग आपलं नाव. त्यावरून समोरच्याला कळतं की ही माझी बहीण, मावशी, का नात. त्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही.

मला वाटलं, बॅटरी गेली. मग म्हणाली, “माझी आई डिने नाही. बाबांचं कूळ मला माहीत नाही. मला कुणी सांगितलं नाही.”

झालं! पुन्हा फोन सुरू. “कूळ नाही ती आपली नाही.” “ओहायोवाल्यांनाच ओरडू दे तिच्यासाठी.” मेरी लू तर म्हणाली, “तिचा सामना बघायला बस ठरवलीय ना, तिच्यातलं माझं नाव मी काढून घेते.”

होस्की टर्पेंटाइन आणि चिंधी घेऊन ट्रककडे निघाला. म्हटलं, चिंधी खाली ठेव. तिकडे कोच तिला पारखतोय, इकडे आपण. दोन्हीकडून पोरीला दार लावायचं का?

रात्री जेवण गेलं नाही. हे लिहू नकोस म्हटलं. लिहिलंच वाटतं.

२४ एप्रिल

चिनलीच्या बाजारात गेले. बाह नावाची बाई तिथे भाजलेलं मटण विकते. तिला सगळ्या जगाची नाती ठाऊक, फक्त स्वतःच्या नवऱ्याचा ठावठिकाणा ठाऊक नाही.

मी विचारलं, मेनीगोट्सांचा तो वेल्डिंगवाला – त्याची आई कोण?

तिने सुरी थांबवली. “ती होय? रॉक पॉइंटकडची. गालिचे विणायची. मिठाच्या कुळातली.”

मिठाच्या कुळातली! अगं, मीही मिठाच्या कुळातली! म्हणजे तिचा बाप माझ्या कुळाचा लेक, आणि मी त्या पोरीची बापाकडची आजी!

बाह म्हणाली, “बरंच झालं. उंच फळीवरचा डबा काढायला तुला कुणीतरी हवंच होतं.”

आनंदाने आणखी एक बरगडी खाल्ली. पैसे होस्कीने दिले.

२५ एप्रिल

मी रेडिओवर फोन केला! व्हर्लिंडाने आकडे दाबले.

म्हटलं, मायला, ऐक. तुझा बाप मिठाच्या कुळातला होता. मीही त्याच कुळातली. तेव्हा मी तुझी आजी. आणि ज्यांनी तिला परकी म्हटलं त्यांनीही ऐका – तुमच्यात आपल्या कुळाचे कितीतरी होते, मी आवाज ओळखते. मेल्यांनो, स्वतःच्या नातीला दारातून हाकलता? मेरी लू, तू तर माझी धाकटी बहीण लागतेस. बसमधली तुझी जागा धरून ठेवलीय!

रेडिओवाला म्हणत होता, “आजी, हे सगळीकडे ऐकू जातंय.”

ऐकू जावं म्हणूनच फोन केला ना!

४ मे

फीनिक्सला सरावाचा सामना. बस भरून गेलो. बस चालवायला माझा जावई. सासूने जावयाचं तोंड बघायचं नाही, म्हणून मी सगळ्यात मागे, डोक्यावर शाल. वाटेत होस्की सांगत होता, “आता डावीकडे डोंगर आला.” मेरी लू शेजारी बसून तळलेली भाकरी खात होती. रेडिओचा विषय तिने काढला नाही. मी काढला, तीनदा.

पोरीला अगदी शेवटी खेळायला सोडलं. पहिला चेंडू कड्याला लागून उडाला. मग दुसरीचा हुकलेला चेंडू तिने सगळ्यांच्या डोक्यावरून उचलला आणि टाकला – आत! आम्ही असे ओरडलो की पुढच्या गोऱ्या बाईचं सरबत सांडलं.

नंतर ती कठड्याशी आली. चेहरा दगडासारखा. पोर घाबरली होती – आम्हाला. मी बोलत होते, व्हर्लिंडा इंग्रजीत सांगत होती. म्हटलं, एवढी वर पोचलीस, तर ढगांना विचार, पाऊस कधी? माझ्या मेंढ्या चौकशी करतात.

हसली! केवढं हसली, खांब हलला!

मग माझ्या लक्षात आलं, काय करून बसले! आमच्यात बाळ पहिल्यांदा हसलं की हसवणाऱ्याने मेंढी कापून सगळ्यांना जेवू घालायचं. बाळाच्या हातात मीठ द्यायचं, बाळाने ते पाहुण्यांना वाटायचं. मूठ उघडायला शिकावं म्हणून. विचारलं, तुझं कुणी केलं होतं का? तिने मान हलवली. नाही.

होस्की म्हणाला, “ताई, ती काय बाळ आहे?”

म्हटलं, आपल्यात येऊन पहिल्यांदा आजच हसली. अडकले मी.

११ मे

काढून टाकलं तिला.

होस्की सांगायला आला आणि चूल पेटवत बसला. मला कळलं.

रेडिओवर कुणीतरी म्हणालं, “मी सांगितलंच होतं.” लगेच मेरी लूचा फोन. “तू गप. ती माझीही नात आहे.”

व्हर्लिंडाने पोरीला निरोप पाठवला. तिचं उत्तर – “कोच म्हणाले, फोन जवळ ठेव, कुणी जखमी झालं तर बोलावू. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात. मी उद्या ओहायोला निघतेय.”

म्हटलं, कळव तिला – ओहायो कुठे पळून जात नाही. माझी मेंढी मात्र म्हातारी होतेय.

१२ मे

उत्तर नाही. मेंढीला वाटतंय, सुटले.

१३ मे

उत्तर आलं. मेंढी सुटली नाही.

१५ मे

होस्कीने तिला आणलं. ट्रकच्या दारावरचं स्वतःचं नाव बघून ती रडली. रंग उडालाय म्हणून रडतेय असं समजून हा माफी मागत होता.

मटण शिजलं. मेरी लू भाकऱ्या घेऊन आली. रेडिओवर वाईट बोललेले बरेचसे रांगेत उभे होते, मान खाली, हात पुढे. मी पोरीची ओंजळ मिठाने भरली. “मी मिठाच्या कुळाची लेक,” तिने आमच्या भाषेत म्हटलं, वाकडंतिकडं. आम्हाला सरळ ऐकू आलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्हर्लिंडाने बघितलं आणि ओरडली, “फीनिक्स! कोच!”

पोरीने हातातल्या मिठाकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. “वाजू दे,” म्हणाली, “आधी हे वाटून होऊ दे.”