एक मीटर, अर्धा तास

८ ऑगस्ट

आज सामान घेऊन आले. अहमदपूरच्या दुकानात मी कॅमेरे बसवण्याचं काम करते. त्यांनी आता शिरूर अनंतपाळचा सगळा भाग माझ्याकडे दिला आहे. राहायला संगप्पा यांच्या शेतातल्या घरी खोली मिळाली. भाडं नाही, त्या बदल्यात त्यांचे कॅमेरे बसवायचे आणि सांभाळायचे. खोलीत उजेड भरपूर. खिडकीतून सोयाबीन दिसतं. अर्थिंग तपासलं, व्यवस्थित आहे. मला इथे बरं वाटेल असं वाटतंय.

संगप्पांना सगळे अप्पा म्हणतात, त्यांच्या बायकोला अव्वा. दुकानात पोरं संपली होती काय, असं अप्पांनी मला बघून विचारलं. अव्वा आतूनच म्हणाल्या, पोरगं आलं असतं तर शिडीवर बसून तुमच्यासारखाच च्या मागितला असता.

जेवायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण. ताटाच्या कडेवर 'पुनम' असं कोरलेलं होतं. कोण ते विचारलं नाही. आई गेल्यापासून मला कुणी वाढून दिलं नव्हतं. हे फक्त इथे लिहिते.

९ ऑगस्ट

कॅमेरे ठरवले. अप्पांनी एक जाहिरातीचा कागद आणला होता, त्यावर मोठ्या अक्षरात 'वॉटरप्रूफ'. मी सांगितलं, या शब्दावर जाऊ नका, खाली आयपीपुढचा आकडा बघा. पहिला अंक धुळीचा. सहा म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा. पाच म्हणजे पाण्याची साधी धार सोसतो, सहा म्हणजे जोराची, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. पडवीत छपराखाली पासष्ट पुरे. फाटकावर आणि मोटारीच्या खोलीवर सहासष्ट. शिवाय हा आकडा कॅमेऱ्याच्या डबीचा असतो, वायरीच्या जोडाचा नाही. जोड वेगळ्या डबीत बंद करावा लागतो, आणि वायरीला खाली झोळ द्यावा लागतो, म्हणजे पाणी ओघळून तिथूनच गळतं.

अप्पा म्हणाले, म्हंजी नवरदेव पक्का, सोयरीक गळकी. मी हसले.

चौथा कॅमेरा अव्वांनी मागितला. शेततळ्याच्या आतल्या उतारावर, पाण्याजवळ. मासे चोरीला जातात म्हणाल्या. तिथे सदुसष्टच लागेल असं सांगितल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, बुडाल्यावर किती वेळ टिकतो. अर्धा तास, मी म्हणाले.

लई झालं की, म्हणाल्या आणि आत गेल्या.

११ ऑगस्ट

शेततळं घरामागेच आहे. चारी बाजूंनी आत उतरता काठ, त्यावर काळं प्लास्टिक. इथे त्याला कागदच म्हणतात. पाण्यालगत शेवाळ धरलंय. यात पडलेला माणूस कितीही पोहणारा असला तरी वर येऊ शकत नाही, हात आणि पाय घसरतात. म्हणून काठावर खुंटी ठोकून दोर सोडून ठेवायचा असतो. खुंटी होती. दोर नव्हता. खुंटीवर दोराने घासल्याच्या जुन्या खुणा होत्या.

मी गावातून नायलॉनचा दोर आणला, खुंटीला बांधला, उतरून कॅमेरा बसवला. वर आले तेव्हा अप्पा तिथे उभे होते. बराच वेळ दोराकडेच बघत होते. मग त्यांनी सांगितलं.

पुनम त्यांची मुलगी. एकुलती एक. गेल्या वर्षी खांदेमळणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, ओढ्यावर बैल धुवायचे होते. नवा बैल आवरत नव्हता. अप्पांनी तळ्यावरचा दोर सोडला आणि बैलाला लावला. परत आल्यावर बांधू म्हणाले. पुनम बादली घेऊन तळ्यावर गेली. बैल धुऊन चकचकीत करून आणला, असं अप्पा म्हणाले, आणि पाण्याकडे पाठ फिरवली. दोर कुजून तुटला असं अव्वांना वाटतं.

काम झालं की सोडून टाका बाई, म्हणाले. तळ्याला दोर हवाच, असं मी सांगितलं. त्यांनी हात जोडले. मी दोर सोडून माझ्या पिशवीत ठेवला.

१३ ऑगस्ट

चार नंबर कॅमेऱ्याची सूचना मोबाइलवर भर दुपारी येते. माणूस नाही, जनावर नाही. चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं.

ऊन आहे, कागद कोरडा आहे. पाण्याच्या कडेला ओला पंजा उमटतो. त्याच्या वर दुसरा. मग पहिल्याच्याही वर. हात कुठेच दिसत नाही, फक्त ठसे. उताराच्या मध्यापर्यंत येतात. मग एक लांब ओला ओरखडा खाली जातो, आणि पाणी हलतं.

भिंगात बाष्प असेल, उजेड फसवत असेल, म्हणून तेवढ्यापुरता दोर बांधून उतरले, कॅमेरा काढून उघडला. आत बोटभर पाणी. सील शाबूत. पाण्याला आत यायला जागाच नव्हती.

अव्वा मागे उभ्या होत्या. त्यांनी पडद्यावर सगळं पाहिलं होतं. घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, रोज चढतीया. मला एकटीलाच दिसतंय असं वाटायचं. आता तुला बी दिसलं.

मग माझा हात धरला. दोर हाय ना तुझ्याजवळ, पोरी.

१५ ऑगस्ट

दोर बांधला, कॅमेरा पुसून परत बसवला, दोर तसाच ठेवला. सुरक्षेसाठी, असं अप्पांना सांगितलं. खरं कारण, अव्वा दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मला मात्र रोज वाढत होत्या.

१६ ऑगस्ट

ठसे काठापर्यंत आले. दोराच्या एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला पावलं. वर, गवतात, संपले. दोर ओला होता आणि ताणलेला.

अव्वांनी आज शेवयाची खीर केली. पुनमच्या ताटात वाढली, आणि मला साध्या ताटात. मला वाईट वाटलं. का वाटावं ते कळत नाही.

१८ ऑगस्ट

ठसे पडवीत. चुलीपर्यंत. लहान पावलं, टाचेकडे चिखल. पासष्टचा पडवीतला कॅमेराही आतून भरला. छपराखाली असून.

अव्वा एकट्या बसून बोलतात. मधे थांबतात, कुणीतरी उत्तर देत असल्यासारख्या. मग हसतात. मी खोलीत गेले की गप्प होतात, मला बसायला सांगतात. आज म्हणाल्या, तिला थंडी वाजतीया, चुलीशी बसू दे थोडं.

अप्पांनी पडवी पाहिली. हे आपलं लेकरू न्हाई, आपलं मातीत निजलंय, म्हणाले. रडत होते. अव्वा त्यांच्यावर ओरडल्या, पोटात कुनी वागवली, तुम्ही का मी?

मी दोर सोडायला हवा होता. अव्वा जेवत होत्या. नाही सोडला.

२१ ऑगस्ट

अव्वा गेल्या.

जोड बंद करायच्या डब्या आणायला मी गावात गेले होते. परत आल्यावर चित्रण पाहिलं. नीट लिहिते, म्हणजे कुणी विचारलं तर सांगता येईल.

दुपारी अव्वा तेलाची बाटली आणि फणी घेऊन दोर धरून उतारावर गेल्या. पाण्याजवळ बसल्या. एका हातात दोर. दुसऱ्या हाताने समोर कुणाचे तरी केस विंचरत होत्या. तिथे कुणी नव्हतं. हळूहळू, गुंता सोडवल्यासारख्या. ओठ हलत होते.

मोटारीच्या खोलीवरच्या कॅमेऱ्यात अप्पा येताना दिसतात. मागे बैल. आज खांदेमळणी. त्यांनी खाली वाकून पाहिलं नाही. पाण्याकडे ते वर्षभर बघतच नाहीत. अव्वा घरात आहेत असं त्यांना वाटलं. त्यांनी गाठ सोडली. ते जे काही आहे ते वर येऊ नये म्हणून.

दोर सैल झाला. अव्वांनी त्याच्याकडे पाहिलं. पुढे —

अव्वांचे ठसे मध्यापर्यंत आले होते. खरे, हातांसकट.

२२ ऑगस्ट

पोळा. गावात हलग्या वाजतात. इथे बैल तसेच उभे. माणसं आली, अव्वांना त्यांच्या रीतीप्रमाणे अप्पांच्याच शेतात, पुनमशेजारी मातीत ठेवलं. अप्पा दोर मांडीवर घेऊन बसलेत. दोनी बारीला म्याच सोडला, एवढंच म्हणतात.

सकाळी जोराचा पाऊस झाला. तळं वाढलं. चार नंबर पाण्याखाली गेला. मीटरभर तरी. अर्धा तास केव्हाच उलटला.

चित्र स्वच्छ आहे.

२३ ऑगस्ट

दुपार. ऊन. पाणी ओसरलं थोडं.

आता चार हात. लहान वर, रुंद खाली. रुंद हात लहान पावलांना खालून रेटतात. मध्यापर्यंत — मग दोघी घसरतात. पुन्हा. थांबत नाहीत.

अप्पांना दाखवलं. त्यांनी तोंड फिरवलं. दोर मात्र माझ्याकडे दिला.

२४ ऑगस्ट

भिंगावर पंजा. रुंद. अव्वांच्या अंगठीचा वळ. कॅमेरा आतून भरत चाललाय, चित्र जात नाही —

त्यांना फक्त काठापर्यंत यायचंय. तेवढंच. दोर नसला तर रोज —

मला बोलावलं. स्पीकर नाही या कॅमेऱ्याला. आवाजाची सोयच नाही. तरी, ताट वाढलं की मारायच्या तशी हाक —

पोरी, चल, निवतंय

दोर बांधला. खुंटी हलतेय बहुतेक. वरून बांधून भागणार नाही, खाली उतरून एकदा ओढून बघायला —

आले अव्वा, आले